एकट्यानं बोलायचं कुणाशी?

२२ एप्रिल १९६९. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडच्या फाल्मथ बंदरात बत्तीस फुटी शिडाची एक होडी शिरली. रंग उडालेला, सगळीकडे गंजाचे ओघळ. कस्टमचे अधिकारी चढले आणि शिरस्त्याप्रमाणे त्यांनी विचारलं, "कुठून आलात?" दाढी वाढलेला खलाशी म्हणाला, "फाल्मथहून."

मधे ३१२ दिवस गेले होते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन पृथ्वीला फेरी मारून, वाटेत कुठेही न थांबता, एकट्यानं परत आला होता. असं याआधी कुणीच केलं नव्हतं.

तो उतरला होता एका शर्यतीत. ब्रिटनच्या 'संडे टाइम्स' वर्तमानपत्रानं मार्च १९६८मध्ये ती जाहीर केली. नियम थोडकेच होते. १ जून ते ३१ ऑक्टोबरच्या दरम्यान ब्रिटनमधून निघायचं, केप ऑफ गुड होप, ऑस्ट्रेलियाचं लीउविन आणि दक्षिण अमेरिकेचं हॉर्न ही तीन टोकं ओलांडून निघालो तिथं परत यायचं. एकट्यानं, कुणाची मदत न घेता. पहिल्या येणाऱ्याला सोन्याचा गोल आणि सर्वांत कमी दिवसांत येणाऱ्याला ५,००० पौंड. अनुभवाची अट नव्हती. चे ब्लाइथला तर निघताना शीड कसं हाताळायचं हेही धड येत नव्हतं. नऊ जण निघाले, एक परत आला.

अंतर्मुख माणसं एकांत सोसतात आणि माणसांत रमणारी कोलमडतात, हा आपला नेहमीचा ठोकताळा. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये तर त्याचे विनोद फोनवर रोज फिरत होते: अंतर्मुखांची चंगळ, गप्पिष्टांचे हाल. तो ठोकताळा तपासायला या शर्यतीसारखं प्रकरण शोधून सापडणार नाही. समुद्र तोच, नियम तेच, वर्ष तेच, माणसं मात्र एकमेकांपासून टोकाची वेगळी. नऊपैकी तिघांबद्दलच लिहितो. आणि 'अंतर्मुख', 'बोलका' ही लेबलं माझी आहेत हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्या चाचण्या कुणी घेतल्या नव्हत्या. एकट्या नॉक्स-जॉन्स्टनला जाण्याआधी आणि आल्यावर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं होतं, आणि दोन्ही वेळा 'काळजी वाटावी इतका नॉर्मल' असा शेरा मिळाला.

त्याच्यापासूनच सुरुवात करू, कारण त्याची होडी आपली आहे. 'सुहैली' मुंबईत, कुलाब्याला बांधली गेली. नॉक्स-जॉन्स्टन ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीत अधिकारी होता. अस्सल सागवानाची ही होडी इथल्या सुतारांनी जुन्या हत्यारांनी घडवली. नाव आलं आखाताकडच्या अरब खलाशांकडून; ते एका वाऱ्याला सुहैली म्हणतात. भाऊ आणि एक मित्र यांना घेऊन तो १९६५च्या अखेरीस मुंबईहून निघाला आणि आफ्रिकेला वळसा घालून तिला इंग्लंडला घेऊन गेला. म्हणजे एकट्याच्या विक्रमाआधी याच होडीनं तिघांचा संसार पाहिला होता.

माणूस चारचौघांतला. मर्चंट नेव्हीत वाढलेला, जहाजावरच्या जेवणाच्या टेबलाची, बिअरची, थट्टामस्करीची सवय असलेला. ठोकताळ्याप्रमाणे यानं खचायला हवं होतं, आणि निमित्तंही भरपूर होती. गोड्या पाण्याच्या टाक्या खराब झाल्या. सुकाणू आपोआप धरून ठेवणारी यंत्रणा ऑस्ट्रेलियाजवळ कायमची मोडली. त्याआधी अटलांटिकमध्ये तळाच्या फळ्यांच्या सांध्यातून पाणी येऊ लागलं, तेव्हा बुडी मारून बाहेरून सांधे बुजवले. मधे शार्क घुटमळू लागला, तर वर येऊन त्याला गोळी घातली आणि पुन्हा बुडी मारली. नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडजवळ एका पत्रकाराशी गाठ पडली. त्यानंतर साडेचार महिने जगाला त्याचा पत्ता नव्हता. अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांजवळ एका तेलवाहू जहाजानं त्याला पाहिलं तेव्हा ६ एप्रिल उजाडला होता. इकडे घरच्यांनी ते महिने कसे काढले असतील?

रेडिओवरून त्याला ऐकू यायचं, बोलता मात्र यायचं नाही.

माझ्या मते या प्रकरणातली ही सगळ्यात महत्त्वाची नोंद आहे. बोलक्या माणसाचं बोलणं काढून घेतलं तर तो काय करतो? नॉक्स-जॉन्स्टननं समोर माणसं असल्यासारखाच दिवस चालू ठेवला. डेकवर पहारा, दुरुस्त्या, जेवण, वाचन, आणि रोज नोंदवही. वहीत तो चिडतो, कुरकुरतो, स्वतःलाच टोमणे मारतो. नाताळच्या दिवशी दुपारी तीनला त्यानं राणीच्या नावानं पेला उंचावला आणि सकाळी लवकर उठलो असतो तर तिचं भाषण ऐकता आलं असतं अशी हळहळ लिहून ठेवली. हॉर्नच्या वाटेवर, शेकडो मैलांत दुसरा माणूस नसताना, हा गृहस्थ वेळ पाहून पेला उंचावतो! पंढरीची वारी चुकलेला माळकरी दुबईच्या खोलीत आषाढीला साबुदाणा भिजत घालतो, त्याच जातीचं हे. माणसं हजर नसली तरी माणसांच्या रीती हजर असतात, आणि बोलक्या माणसाला त्या बऱ्याच अंतरापर्यंत पुरतात.

बर्नार्ड म्वातेसिए याच्या अगदी उलट. १९२५ साली हनोईत जन्मलेला फ्रेंच, वय त्रेचाळीस. बायको फ्रान्स्वाझला घेऊन पॅसिफिकमधल्या ताहिती बेटाहून हॉर्नमार्गे युरोपपर्यंत न थांबता आलेला, म्हणजे नऊ जणांत सगळ्यात तरबेज. त्याची 'जोशुआ' पोलादी होती. शर्यत, बक्षीस, वर्तमानपत्र या सगळ्याचाच त्याला तिटकारा होता. आयोजकांनी देऊ केलेला संदेश पाठवायचा रेडिओ त्यानं घेतला नाही. कॅमेरा मात्र घेतला. फिल्मच्या डबीत चिठ्ठी घालायची आणि जवळून जाणाऱ्या जहाजावर गलोलीनं ती डबी भिरकवायची, ही त्याची टपालव्यवस्था. गलोलीवर त्याचा मोठा भरवसा. दगडाला बॅटरी लागत नाही.

एकांत त्याला सोपा गेला असं मात्र नाही. हिंदी महासागरात तो थकून, विटून गेला होता. मग मित्रानं दिलेल्या पुस्तकावरून त्यानं योगासनं सुरू केली आणि हळूहळू त्याची घडी बसली. पक्ष्यांना खाऊ घालणं, तासन्‌तास लाटा बघणं, होडीतलं नको ते ओझं समुद्रात टाकत राहणं. हे सामान टाकणं मला फार बोलकं वाटतं. वजन कमी झालं की होडी वेगात जाते, हे तर खरंच. पण वाचताना सारखं वाटतं की हा हळूहळू परतीची सोय काढून टाकतोय.

५ फेब्रुवारी १९६९ला त्यानं हॉर्न ओलांडलं. आता अटलांटिक चढून वर आलं की झालं. उशिरा निघूनही तो असा वेगात होता की ५,००० पौंड त्याचेच, असं जवळजवळ सगळे धरून चालले होते. फ्रान्समध्ये स्वागताची तयारी चालली होती. आणि त्यानं होडी पूर्वेला वळवली, पुन्हा केप ऑफ गुड होपकडे. १८ मार्चला केपटाउनपाशी एका जहाजावर गलोलीनं चिठ्ठी फेकली. मजकुराचा आशय असा: थांबत नाही, पॅसिफिककडे जातो आहे, कारण समुद्रात मी सुखी आहे आणि कदाचित माझा आत्मा वाचवायला म्हणून. २१ जूनला तो ताहितीला पोचला. दीड पृथ्वी झाली होती.

एकांतप्रेमी लोकांचा हा लाडका प्रसंग. खरं सांगायचं तर मलाही तो फार दिवस आवडायचा. आता वाचताना फ्रान्स्वाझ दिसते. तिला आणि मुलांना हा निर्णय आधी सांगितलेला नव्हता. सांगायचा मार्गच त्यानं ठेवला नव्हता. बोलक्या माणसाला एकांताची किंमत एकांतात असतानाच मोजावी लागते, अबोल माणसाला ती परततानाच्या उंबरठ्यावर मोजावी लागते, आणि पुष्कळदा बिल घरच्यांच्या हातात पडतं. अंटार्क्टिकावर हिवाळा काढणाऱ्या तुकड्यांत कमी बोलणारी, एकट्यानं रमणारी माणसं चांगली टिकतात, असं सांगितलं जातं. ते पटण्यासारखंही आहे. पण टिकणं म्हणजे हिवाळा संपेपर्यंत टिकणं. नंतर बाजारात, लग्नात, घरातल्या आवाजात त्यांचं काय होतं हा दुसरा प्रश्न झाला, आणि तो सहसा विचारला जात नाही.

तिसरा माणूस डोनाल्ड क्रोहर्स्ट. याच्यावर जरा थांबायला हवं.

जन्म १९३२चा, गाझियाबादचा. वडील रेल्वेत होते. निवृत्तीची पुंजी त्यांनी खेळाचं सामान बनवणाऱ्या कारखान्यात घातली आणि फाळणीच्या दंगलींत तो कारखाना जळाला. कुटुंब इंग्लंडला परतलं आणि वर्षभरातच वडील गेले. मुलगा हुशार आणि बोलघेवडा. हवाई दलात गेला, तिथून बाहेर पडला. सैन्यात गेला, तिथूनही बाहेर पडला. मग ब्रिजवॉटर गावात इलेक्ट्रॉनिक्सचा छोटा धंदा काढला. होड्यांना दिशा सांगणारं एक उपकरण त्यानं बनवलं होतं, पण ते फारसं खपेना. गावात मात्र त्याची चलती होती: हौशी नाटकं, नगर परिषदेची जागा, पार्टीत कोंडाळं याच्याभोवतीच. समोर ऐकणारे बसले की हा खुलायचा. बायको क्लेअर आणि चार मुलं. समुद्राचा अनुभव म्हणाल तर रविवारच्या सफरींचा.

शर्यतीची कल्पना त्यानं अशा काही रंगवून सांगितली की धंद्यात पैसे घातलेल्या भांडवलदारानं नवी होडीही बांधून दिली. अट अशी की शर्यत अर्धवट सोडली तर होडी क्रोहर्स्टनं विकत घ्यायची. म्हणजे धंदा आणि घर दोन्ही पणाला. 'टीनमथ इलेक्ट्रॉन' ही ट्रायमरान होती. कोकणात उलांडीची होडी असते तशी, पण उलांडीच्या जागी दोन्ही अंगांना दोन अरुंद होड्याच. वेगवान खरी, पण उलटली तर सरळ होत नाही. घाईत बांधलेली, निम्म्या तारा जोडायच्या राहिलेल्या, तशीच ती ३१ ऑक्टोबर १९६८ला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, टीनमथहून निघाली. बीबीसीनं टेपरेकॉर्डर आणि कॅमेरा दिला होता. प्रसिद्धीसाठी माणूस नेमलेला होता. रेडिओ उत्तम होता. तिघांमध्ये श्रोत्यांची सोय सगळ्यात चांगली याचीच.

दोन आठवड्यांतच त्याला कळून चुकलं की ही होडी दक्षिण महासागरात टिकणार नाही. बाजूच्या होड्यांत पाणी येत होतं आणि ते उपसायची नीट सोय नव्हती. नोंदवहीत त्यानं सगळा हिशेब प्रामाणिकपणे मांडला आहे: पुढे गेलो तर जगण्याची शक्यता निम्मी, मागे फिरलो तर दिवाळं. हे पान मला फार जड वाटतं, कारण माणूस इथे शहाण्यासारखा विचार करतो आहे. फक्त हा विचार त्यानं कुणाला कळवला नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यानं दुसरा हिशेब सुरू केला. होडी खरी जिथे होती ते एका वहीत, आणि जगाला सांगायची जागा वेगळी. एका दिवसात २४३ मैल कापल्याचा विक्रम त्यानं कळवला आणि वर्तमानपत्रांनी तो छापला.

खोटी जागा सांगणं कष्टाचं काम असतं. खलाशी सूर्याचे वेध घेऊन आपली जागा काढतात; ते वेध खोटे लिहायचे तर गणित उलटं सोडवावं लागतं. त्या भागातलं हवामान रेडिओवर ऐकून टिपावं लागतं. आपण नसलेल्या समुद्रात आपल्याला रोज उठवून बसवावं लागतं. आणि रेडिओवर बोलत राहिलं, तर संदेश कुठून येतोय हे उघड होण्याची भीती. म्हणून जानेवारीत जनरेटर बिघडल्याचं सांगून क्रोहर्स्ट गप्प झाला. अकरा आठवड्यांहून जास्त. अटलांटिकमध्येच तो इकडेतिकडे फिरत राहिला आणि बाकीचे हॉर्नला वळसा घालून येण्याची वाट पाहत राहिला. मार्चच्या सुरुवातीला अर्जेंटिनाच्या एका खाडीत, नियम मोडून, तो किनाऱ्याला लागला, प्लायवूड आणि स्क्रू घेऊन होडी दुरुस्त केली आणि दोन दिवसांत निघाला.

नॉक्स-जॉन्स्टनची साडेचार महिन्यांची शांतता आणि ही अकरा आठवड्यांची शांतता, दोन्ही माणसं बोलकी. पहिल्याचं तोंड समुद्रानं बंद केलं होतं, दुसऱ्याचं त्याच्या स्वतःच्याच हातानं. पहिला वहीत जे लिहायचा तेच भेटेल त्या पहिल्या माणसाला सांगणार होता, त्यामुळे त्याचे श्रोते फक्त लांब गेले होते, नाहीसे झाले नव्हते. क्रोहर्स्टचे श्रोते रेडिओच्या बटणापलीकडे बसलेले होते, बायकोसकट, आणि त्यांच्याशी एकही खरी गोष्ट बोलता येत नव्हती. एप्रिलमध्ये त्यानं पुन्हा रेडिओ सुरू केला. थट्टामस्करीच्या तारा पाठवल्या. त्या वाचून कुणाला शंका आली नसती. शर्यतीच्या परीक्षक मंडळाचे प्रमुख फ्रान्सिस चिचेस्टर मात्र त्याच्या आकड्यांकडे आधीपासूनच संशयानं बघत होते.

लॉकडाऊनमध्ये माझ्या ओळखीच्या एका घरात याची छोटी आवृत्ती पाहिली. मुलगा मुंबईत खोलीवर एकटा, आईवडील साताऱ्याकडच्या गावी. रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल, भरपूर हसणं-खिदळणं. नोकरी जाऊन तीन महिने झाले होते, हे त्यानं सांगितलं नव्हतं. "आई, आज मीटिंग फार लांबली," असं म्हणून तो जेवायला बसायचा. पुढे तो मला म्हणाला, "काका, दिवस कसाबसा जायचा. त्या फोननंतरची रात्र जायची नाही." मुलगा चांगला गप्पिष्ट. त्याला माणसांची तूट नव्हती.

आता क्रोहर्स्टचा शेवटचा डाव. त्याचं गणित साधं होतं: शर्यतीत अजून उरलेला नायजेल टेटली त्याच्या पुढे होता. टेटलीच्या मागून, दुसरा म्हणून आलं की बक्षीस नाही, वह्या कुणी तपासणार नाही, अब्रू आणि घर दोन्ही वाचतील. टेटली हा शाही नौदलाचा अधिकारी. गाण्यांच्या टेप लावून महिनोन्‌महिने एकटा आलेला, पृथ्वीला फेरी घालून आपला जुना मार्ग पुन्हा छेदलेला. क्रोहर्स्ट मागून येतोय या धास्तीनं त्यानं आपली आधीच खिळखिळी झालेली ट्रायमरान दामटली आणि २१ मेला ती फुटली. तो वाचला. पण एका न झालेल्या प्रवासाशी स्पर्धा करताना त्याची खरी होडी गेली. आणि आता सर्वांत कमी दिवसांचं बक्षीस क्रोहर्स्टवर येऊन आदळणार होतं. टीनमथ गाव स्वागताच्या तयारीला लागलं आहे, अशा तारा येऊ लागल्या.

जूनच्या सुरुवातीला त्याचा रेडिओ खरोखरच बंद पडला. जानेवारीत खोटं सांगितलेलं आता खरं झालं. उकाड्यात, कोंदट केबिनमध्ये बसून दोन आठवड्यांहून जास्त काळ तो सोल्डरिंग करत राहिला. मोर्सचे ठोके जाऊ लागले, आवाज सुरू होईना. त्याला क्लेअरशी बोलायचं होतं. कट्ट-कडकट्ट करून नाही, आवाजानं. टपाल खात्यामार्फत तशी जोडणी करून मागण्याची त्याची धडपड नोंदलेली आहे. त्याला तिला काय सांगायचं होतं ते कुणालाच कळलं नाही. २४ जूनपासून त्यानं वही उघडली आणि आठवडाभरात सुमारे २५,००० शब्द लिहिले: देव, गणित, मन शरीरातून मोकळं कसं होतं, असलं काहीतरी. आधीच्या महिन्यांतली मिस्किल भाषा त्यात राहिलेली नाही. शेवटची नोंद १ जुलैची, आणि तीही मिनिट-सेकंद टिपत लिहिलेली.

इथे कुणी म्हणेल की बहिर्मुख माणूस एकांतात वेडा झाला, ठोकताळा खरा ठरला. मला हे पटत नाही. बहिर्मुख नॉक्स-जॉन्स्टन क्रोहर्स्टपेक्षा दोन महिन्यांहून जास्त काळ एकटा होता. तो घरी आला, वर ५,००० पौंडांचं बक्षीस क्लेअर आणि मुलांना देऊन टाकलं. पुढे आयुष्यभर शिडाच्या होड्यांत रमला. भारतीय नौदलाच्या दिलीप दोंदेनं गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून २००९-१०मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती पहिली भारतीय. त्याला शिकवायलाही हाच म्हातारा होता. क्रोहर्स्टला एकांतानं गाठण्याआधीच त्याच्या बोलण्यातून खरेपणा गेला होता, आणि बोलणं हाच त्याचा श्वास होता. अबोल माणसाला असं खोटं कदाचित इतकं महाग पडलं नसतं. म्वातेसिएला तर खोटं बोलायची वेळच आली नाही. ज्यांना उत्तर द्यायचं, त्यांच्यापासून तो मोकळा झाला होता.

१० जुलै १९६९ला 'पिकार्डी' नावाच्या टपाल जहाजाला अटलांटिकमध्ये 'टीनमथ इलेक्ट्रॉन' सापडली. एकच शीड चढवलेलं, वाऱ्यावर सावकाश चाललेली, आत कुणी नाही. खलाशी केबिनमध्ये उतरले. टेबलावर नोंदवह्या व्यवस्थित ठेवलेल्या होत्या. खोट्या फेरीसाठी वेगळी वही करायला हवी होती, ती नव्हती. होत्या त्या खऱ्या. बाजूला रेडिओ उघडून पडलेला, सुटे भाग, तारा, आणि दुधाच्या डब्यावर आडवा टेकवलेला सोल्डरिंग आयर्न.